मैदानाचं आरक्षण बदलतंय: हायकोर्टात जावं की नको? गटात दोन तट

पिंपळपार

मंडळी, सल्ला हवा आहे. वादही चालेल, कारण तो आमच्या गटात आधीच पेटलेला आहे.

शहर लहान, नगरपरिषदेचं, सातारा जिल्ह्यातलं. मंजूर विकास योजनेत एक जागा 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित आहे. नगरपरिषदेने ते आरक्षण उठवून 'व्यापारी संकुल' करायचा ठराव केला. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम) कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आली, हरकती मागवल्या, सुनावणी उरकली आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे गेला. मंजुरीची अधिसूचना अजून निघालेली नाही.

एक बाजू म्हणते, उद्याच्या उद्या जनहित याचिका टाका, उशीर झाला की मैदान गेलं. दुसरी म्हणते, निवडून दिलेल्या सभागृहाने ठराव केलाय, पटत नसेल तर मतपेटीतून बोला. उठसूट कोर्टात जाणं म्हणजे गावाच्या कामात बिब्बा घालणं. उरलेले म्हणतात, निकाल लागेपर्यंत आत्ता खेळणारी पोरं नातवंडं खेळवत असतील.

सरकारी निर्णयाला कोर्टात आव्हान देणं कुठे रास्त आणि कुठे नुसता अडथळा, हे जाणकारांनी सांगावं. आणि जायचंच ठरलं तर आज नेमकं काय करायचं, तेही. 'सगळे विकले गेलेत' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

नस्ती_क्रमांक_७

पिंपळपार, आजच्या घडीला याचिका टाकलीत तर बहुधा पहिल्याच तारखेला परत याल. फेरबदल अजून प्रस्तावच आहे. शासन तो नाकारू शकतं, बदलून मंजूर करू शकतं. खंडपीठ विचारेल, 'आव्हान कशाला देताय, आदेश कुठे आहे?' आणि शासनाकडे निवेदन द्यायची मुभा देऊन याचिका निकाली काढेल. अपवाद एकच: मंजुरीआधीच निविदा निघाली, कुंपण पाडलं, झाडांवर कुऱ्हाड पडली किंवा मुरूम येऊन पडला. मग एक दिवसही थांबू नका. मंजूर नसलेल्या वापरासाठी काम सुरू करणं हीच स्वतंत्र आणि भक्कम तक्रार आहे.

तुमच्या गटातल्या वादात दोन्हीकडून एक गोष्ट सुटतेय. संकुल चांगलं की मैदान चांगलं हे हायकोर्ट ठरवत नाही. निर्णय कसा घेतला एवढंच ते पाहतं: अधिकार होता का, कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पाळली का, संबंधित गोष्टी विचारात घेतल्या का, कुणाच्या फायद्यासाठी केला का. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून हे वाक्य प्रत्येक सरकारी वकिलाच्या जिभेवर असतं. त्यामुळे 'मुलांनी खेळायचं कुठे' हा याचिकेतला सर्वांत हळवा आणि सर्वांत कमकुवत परिच्छेद असतो. खरी याचिका नगरपरिषदेच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत असते.

त्या नस्तीत काय शोधायचं?

पहिली, ठरावाच्या सभेची विषयपत्रिका. हा विषय तिच्यावर होता का, की 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात घुसवला? आरक्षण बदलासारखा विषय ऐनवेळी येणं म्हणजे सदस्यांना नोटीसच नव्हती. मग इतिवृत्त: सूचक, अनुमोदक, विरोध कुणी नोंदवला, चर्चा झाली की 'सर्वानुमते मंजूर' एवढीच ओळ आहे. पुष्कळदा इतिवृत्त नंतर सवडीने लिहिलेलं असतं, म्हणून ते कायम केलेल्या पुढच्या सभेचीही प्रत घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. ठराव प्रशासकाच्या काळातला असेल तर सभाच नसते, प्रशासकाचा एका सहीचा ठराव असतो. तिथे कारणमीमांसा किती आहे ते बघा.

दुसरा कागद मुख्याधिकाऱ्यांची टिपणी. मैदान का नको आणि संकुल का हवं याचं कारण तिच्यात असलं पाहिजे. हे महत्त्वाचं, कारण डिसेंबर १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की आदेशाचं समर्थन त्या आदेशातल्या कारणांवरच व्हायला हवं. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो उभा करता येत नाही. टिपणीत कारण नसेल आणि पुढे कोर्टात 'दुसरीकडे मोठं क्रीडासंकुल होणार आहे' असं सांगितलं, तर हा निकाल तुमच्या कामाचा.

तिसरा, आणि माझ्या मते निर्णायक, हरकतींच्या सुनावणीचा अहवाल. कलम ३७ नुसार सूचनेपासून एक महिन्यापर्यंत हरकती घ्यायच्या, बाधित होणाऱ्यांना नोटीस बजावायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग प्रस्ताव पाठवायचा. प्रत्यक्षात काय होतं? सुनावणीची नोटीस आदल्या दिवशी संध्याकाळी येते. हजेरीपटावर सह्या घेतात. अहवालात डावीकडे हरकतदाराचं नाव, मधे हरकतीचा गोषवारा, उजवीकडे 'अमान्य करण्यात यावी', आणि खाली सगळ्या ओळींना 'वरीलप्रमाणे'. असा तक्ता हाती लागला तर तो याचिकेला पहिलं परिशिष्ट म्हणून लावा. नोटीस कधी निघाली आणि कधी मिळाली हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून सिद्ध होतं. पाकिटं फेकू नका.

चौथा, नगररचना विभागाचा अभिप्राय. कलम ३७ खालचा फेरबदल विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा ही कायद्याचीच अट आहे, आणि शासनाने मंजुरीआधी नगररचना संचालकांशी विचारविनिमय करायचा आहे. शहरात मैदानांखाली एकूण किती क्षेत्र आहे, लोकसंख्येच्या मानाने ते आधीच तोकडं आहे का, हे जागेवार आकडे मांडता आले तर 'स्वरूप बदलतं' या मुद्द्याला वजन येतं. नाहीतर तो नुसता आरोप राहतो.

हे सगळं माहिती अधिकारात मिळतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मर्यादा १५० शब्दांची आहे, म्हणून चार कागदांसाठी चार अर्ज करा. फी प्रत्येकी १० रुपये, मुदत ३० दिवस. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहू नका, 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' हे छापील उत्तर येईल. आधी नस्तीची तपासणी मागा, टिपणीच्या पानांचे क्रमांक उतरवा आणि तेवढ्याच पानांच्या प्रमाणित प्रती घ्या. उत्तर आलं नाही तर लगेच पहिलं अपील. ते दाखल केल्याची पोच कोर्टात 'आम्ही प्रयत्न केला' हे दाखवायला पुरते.

त्याच वेळी नगरविकास विभागाला निवेदन द्या: फेरबदल का नाकारावा, कलमवार, दोन पानांत, सोबत वरचे कागद. आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. प्रत नगररचना संचालकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली बेकायदा किंवा लोकहितविरोधी ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात, तो अर्जही वेगळा द्या. मिळेल न मिळेल, पण 'आधी प्रशासनाकडे का गेला नाहीत' हा प्रश्न तिथेच संपतो.

अधिसूचना निघाली की मात्र महिन्यांचा हिशोब करू नका, आठवड्यांचा करा. रिट याचिकेला (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात करायची याचिका) ठरावीक मुदत नाही, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. नर्मदा प्रकरणात २००० साली बहुमताच्या निकालाने आंदोलनाला सुनावलं ते हेच: प्रकल्पाला विरोध होता तर काम सुरू व्हायच्या आधी यायला हवं होतं.

आणि जागा चुकवू नका. दिवाणी दाव्याची वाट एमआरटीपीच्या कलम १४९ मुळे जवळपास बंद आहे. हरित न्यायाधिकरण पुण्यात जवळ आहे म्हणून तिकडे धावू नका. त्याच्या अनुसूचीत सात कायदे आहेत, एमआरटीपी त्यात नाही. सातारा आता हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

---

उलटतपासणी

नस्तीसाहेबांचं तांत्रिक विवेचन चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी तत्त्वाचा प्रश्न अलगद टाळला, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कोर्टात जाण्याची किंमत फक्त याचिकाकर्ता देत नाही. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात स्थानिक संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षं अडकल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ६ मे २०२५ ला. मधल्या काळात गटार तुंबलं तर लोकांनी जायचं कुणाकडे? प्रशासकाकडे, ज्याला कुणी निवडून दिलेलं नाही. प्रत्येक पक्षकार आपापल्या जागी बरोबर असेलही. तरी एकत्रित परिणाम असा झाला की लोकशाहीचं रक्षण करण्याच्या खटल्यांनी लोकप्रतिनिधीच नाहीसे केले. सरकारला ते सोयीचं होतं म्हणून त्यानेही घाई केली नाही, हे मान्य. पण ती सोय कोर्टाच्या तारखांनीच पुरवली.

मुंबईचा कोस्टल रोड बघा. १६ जुलै २०१९ ला हायकोर्टाने सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) मंजुरी रद्द केली, काम थांबलं. १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाचा तो निकाल स्थगित केला, काम पुन्हा सुरू. पाच महिने यंत्रं उभी, भाडं चालू, आणि रस्ता शेवटी झालाच. कोळी बांधवांच्या प्रश्नांना या पाच महिन्यांनी काय मिळालं याचं उत्तर मला याचिकेच्या समर्थकांकडून कधी नीट मिळालेलं नाही.

दुसरं, जनहित याचिकांच्या बाजारात सगळेच पिंपळपार नसतात. विकासकाच्या विरोधात याचिका, मग 'तडजोड', मग याचिका मागे, हा धंदा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलाय. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सगळ्या हायकोर्टांना नियम करायला सांगितले ते उगाच नाही. त्याच प्रकरणात याचिकाकर्त्यांना एक लाखाचा दंडही बसला.

आणि 'प्रक्रिया पाळली नाही' हा मुद्दा सभ्य दिसतो, पण तो बहुधा पडदा असतो. तुमचा खरा आक्षेप संकुल नको हा आहे. तो राजकीय आक्षेप आहे, आणि तसा मांडायला लाज वाटायचं कारण नाही. शेती कायद्यांना १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती. आंदोलक त्या स्थगितीवर उठले नाहीत, आणि कायदे गेले ते नोव्हेंबरात संसदेतून. तुमच्याकडे तर अजून मंजुरीही झालेली नाही. सभागृहात बहुमत जमवा, प्रस्ताव पुढे रेटू नये असा नवा ठराव करून शासनाला कळवायला लावा. पन्नास लोक घेऊन नगराध्यक्षांकडे जाणं हे वकिलाकडे जाण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि जिंकलात तर पुढचं अपील नाही.

---

बांधावरून

उलटतपासणी, शेती कायद्यांचं उदाहरण जपून वापरा. वर्षभर सीमेवर बसायची ताकद असलेले शेतकरी आणि एका गल्लीतली क्रिकेट खेळणारी पोरं यांना एकच सल्ला देताय. ज्याच्याकडे संख्या नाही त्याच्यासाठीच राज्यघटनेतला अनुच्छेद २२६, म्हणजे हायकोर्टाचा रिट अधिकार, आहे. बहुमतवाल्याला कोर्टाची गरज मुळात कमीच पडते.

'लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा ठराव' म्हणता, पण कलम ३७ सुद्धा निवडून आलेल्या विधिमंडळानेच केलंय. नगरपरिषदेला आरक्षण बदलायचा अधिकार त्याच कलमातून मिळतो, तो त्यातल्या अटींसकट. अधिकार घ्यायचा आणि अटींना 'तांत्रिक बाब' म्हणायचं, हे चालत नाही. सगळ्यांना दाखला हवा असेल तर १९९१ चा बंगलोर मेडिकल ट्रस्टचा निकाल वाचा. उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून खासगी रुग्णालयाला दिली होती. रुग्णालय हीसुद्धा सार्वजनिक सोयच, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने वाटप टिकू दिलं नाही, आणि आजूबाजूच्या रहिवाशांना याचिकेचा हक्क आहे हेही स्पष्ट केलं.

त्यातूनच पिंपळपारांसाठी एक सूचना: जनहित याचिकाच टाकायची असा हट्ट नको. मैदानाला लागून राहणारे, रोज ते वापरणारे, हरकत नोंदवून सुनावणीला गेलेले दोन-तीन रहिवासी साधी रिट याचिका करू शकतात. 'माझी हरकत ऐकली नाही' ही त्यांची स्वतःची तक्रार आहे. उलटतपासणी म्हणतात तो धंदेवाईकपणाचा संशय तिथे बसत नाही, अनामत भरा असं सांगितलं जाण्याची शक्यताही कमी. वकिलाला आधी हेच विचारा.

कोस्टल रोडचा धडा मला उलटा दिसतो. तिथे आणि आरेत जे झालं त्यावरून कळतं की अंतिम निकालापेक्षा मधल्या दिवसांत काय होतं ते महत्त्वाचं. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने मुंबईतल्या आरेच्या, मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हटलं तोवर २१४१ झाडं पडली होती. म्हणून निकाल विरोधात जातोय असं दिसताच त्याच क्षणी, त्याच न्यायालयात, तोंडी विनंती करायची: 'अपिलात जायचं आहे, चार आठवडे संरक्षण चालू ठेवा.' आधीपासून अंतरिम आदेश असेल तर ते मिळायची शक्यता बरी असते. विसरलात तर दुपारी जेसीबी येतो.

अंतरिम दिलासा मागताना लोक काय चुकतात? 'अधिसूचनेला स्थगिती द्यावी' एवढीच प्रार्थना (याचिकेतली मागणी) करतात. स्थगिती मिळते, पण नगरपरिषद म्हणते आम्ही नुसतं सपाटीकरण करतोय, त्याचा अधिसूचनेशी संबंध नाही. प्रार्थना कामाच्या भाषेत लिहा: जागेवर खोदकाम, बांधकाम, वृक्षतोड करू नये, निविदा अंतिम करू नये, कार्यादेश देऊ नये, त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण करू नयेत. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतु:सीमा घाला, भाग नकाशा जोडा.

कोर्ट तीन गोष्टी पाहतं: प्रथमदर्शनी बाजू, स्थगिती दिली तर कुणाची जास्त गैरसोय, आणि नंतर भरून न येणारं नुकसान. तिसऱ्यासाठी फोटो लागतात, तारखेसह, आजच्या स्थितीचे. मैदान आज मैदानच आहे हे दिसलं पाहिजे. तिथे कचरा साठलेला असेल तर पुढची बाजू तोच फोटो लावून 'जागा वापरात नाही' म्हणेल, तेव्हा झाडू आधी मारा.

बऱ्याचदा पहिल्या तारखेला स्थगिती मिळत नाही, सरकारी वकील सूचना घ्यायला वेळ मागतात. तेव्हा 'पुढच्या तारखेपर्यंत काम करणार नाही' असं त्यांचं निवेदन आदेशात नोंदवून घ्यायला सांगा. ते स्थगितीइतकंच कामाचं असतं आणि कोर्टही खुशीने देतं. तोंडी आश्वासन आदेशात आलं नाही तर ते मिळालंच नाही असं समजा.

आणि 'रूल' झाला म्हणून पेढे वाटू नका. रूल म्हणजे अंतिम सुनावणीसाठी दाखल. अंतरिम दिलासा नसेल तर प्रकरण बोर्डावर यायला वर्षं लागतात, आणि तोवर संकुलात दुकानं थाटलेली असतात. रूल झाला पण स्थगिती नाकारली, तर व्यवहारात तुम्ही हरलात. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाचा विचार करा किंवा लवकर अंतिम सुनावणीची तारीख आदेशातच मागून घ्या.

---

पिंपळपार

सर्वांचे आभार, उलटतपासणींचे विशेष. गटात हेच बोलणारे दोघे आहेत, त्यांना धागा पाठवलाय. माहिती अधिकाराचे अर्ज तयार करतोय. दोन शंका: आमचा गट नोंदणीकृत नाही, व्हॉट्सॲपवरचा आहे, याचिका कुणाच्या नावाने? आणि जिंकलो तर मैदान कायमचं वाचतं का?

---

नस्ती_क्रमांक_७

गटाच्या नावाने होणार नाही, त्याला कायद्याच्या नजरेत अस्तित्व नाही. बांधावरून यांनी सांगितलं तसं व्यक्तींच्या नावाने करा. नोंदणीकृत संस्थेला घ्यायचं असेल तर कार्यकारिणीचा ठराव लागेल, अमुक व्यक्तीला याचिका करायचा अधिकार दिला असा. नावं निवडताना तीन गोष्टी तपासा. त्या व्यक्तीने मुदतीत हरकत दिली होती का? समोरच्या विकासकाशी तिचा जुना व्यवहार किंवा वाद आहे का? येत्या निवडणुकीत ती उभी राहणार आहे का? यातलं काहीही लपवलं आणि प्रतिज्ञापत्रात बाहेर आलं, तर मुद्दे कितीही भक्कम असोत, 'स्वच्छ हातांनी आला नाहीत' म्हणून याचिका जाते. जनहित याचिका केलीत तर मुंबई हायकोर्टाचे २०१० चे नियम लागू होतात: ओळख, व्यवसाय, उत्पन्न, स्वतःचा हितसंबंध, आधीचे खटले हे सगळं शपथेवर, आणि कोर्ट अनामत मागू शकतं.

प्रतिवादी कोण, यातही गफलत होते. राज्य शासन नगरविकास विभागामार्फत, नगररचना संचालक, जिल्हाधिकारी, नगरपरिषद मुख्याधिकाऱ्यांमार्फत, आणि कुणाला कार्यादेश दिला असेल तर तो ठेकेदार. ज्याचा फायदा जाणार त्याला पक्षकार केलं नाही तर त्याच्याविरुद्ध आदेश मिळत नाही, आणि तो शेवटच्या टप्प्यावर येऊन सगळं पुन्हा सुरू करायला लावतो.

कोर्ट फी किरकोळ असते. पैसा जातो तो वकिलाची फी, कागदांचे संच आणि मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतरात. इतिवृत्तातली सरकारी मराठी भाषांतरित करणं हे काम कुणाच्याही पुतण्याला देऊ नका. 'विषय स्थगित' आणि 'विषय तहकूब' यांची गल्लत होऊन अर्थ फिरतो. समोरच्यांनी आधीच कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) टाकलं आहे का ते तपासा. ते ९० दिवस चालतं आणि असेल तर त्यांना न ऐकता एकतर्फी आदेश मिळणार नाही. तसा मिळाला तरी अनुच्छेद २२६ (३) खाली तो उठवायचा अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढायचा असतो, म्हणजे तयारी त्याआधी पूर्ण हवी.

जिंकलात तर? सुनावणी नीट झाली नाही या मुद्द्यावर जिंकलात तर आदेश येईल, 'पुन्हा सुनावणी घ्या आणि कारणांसह निर्णय द्या.' नगरपरिषद या वेळी नीट नोटीस देईल, नीट अहवाल लिहील आणि तोच फेरबदल पुन्हा पाठवू शकेल. उलटतपासणींना इथे हसू येईल, पण मधे मिळालेल्या वर्षभरात राजकारण करायला त्यांचाच रस्ता मोकळा असतो. अधिकारच नव्हता किंवा योजनेचं स्वरूप बदलतं या मुद्द्यावर जिंकलात तर पुनरावृत्ती अवघड होते, म्हणून दोन्ही मुद्दे स्वतंत्रपणे मांडा आणि दोन्हींवर निष्कर्ष मागा. आदेश मोडला तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत. त्यानंतर दार बंद.

---

उलटतपासणी

हसू नाही आलं, उलट एक प्रश्न आला, जो पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी विचारायला हवा होता. पिंपळपार, ती जागा कुणाच्या नावावर आहे? तुम्ही आरक्षण सांगितलंत, मालकी नाही.

खासगी मालकाची असेल आणि विकास योजना अमलात येऊन दहा वर्षं झाली असतील, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्दबातल. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. म्हणजे तुम्ही फेरबदल हायकोर्टात हाणून पाडाल आणि मैदान मागच्या दाराने जाईल. मग लढाई नगरपरिषदेने पैसे भरून जागा संपादित करावी यासाठी करावी लागेल, आणि तिथे कोर्टापेक्षा अर्थसंकल्पाची सभा कामाला येते.

---

पिंपळपार

सातबारा काढलाय. कब्जेदार सदरी नगरपरिषद आहे, पण इतर हक्कांत एक जुनी नोंद दिसते, फेरफार क्रमांकासह. काय आहे ती, माहीत नाही.

---

बांधावरून

मग आज अर्ज आणखी एक वाढला. तलाठ्याकडून त्या फेरफाराची नक्कल काढा आणि तो ज्या दस्तावरून झाला त्याची प्रत घ्या. जागा दानपत्राने आलेली असेल आणि दानपत्रात 'मुलांच्या खेळासाठी' अशी अट असेल, तर नगरपरिषदेला त्या अटीचंही उत्तर द्यावं लागेल. कुळाची किंवा वारसाची नोंद असेल तर तो माणूस उद्या कोणत्या बाजूने उभा राहील हे याचिका लिहायच्या आधी कळलेलं बरं. नक्कल हातात आली की इथे टाका, नावं झाकून.